माळवद आणि मुलुखगिरी

रांजणगावला येणारा माणूस महागणपतीचं दर्शन घेतो आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्याला लागून पुढच्या विनायकाकडे निघतो. देवळाभोवतीच्या जुन्या गावठाणात शिरायचं त्याला कारण नसतं. शिरलाच, तर तिथं जुनी घरं फार उरलेली नाहीत हे त्याच्या लक्षात येईल. एमआयडीसी आली, कारेगाव-ढोकसांगवीपर्यंत कारखाने उभे राहिले, बाहेरगावचे कामगार आले. त्यांना राहायला जागा हवी होती, गावकऱ्यांना भाडं हवं होतं. ओसरी, सोपा, माजघर पाडून त्या जागी दहा-बाय-दहाच्या खोल्यांचे मजले चढले. यात कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. जी जागा दरसाल नुसता खर्च मागते तीच दरमहा उत्पन्न द्यायला लागली, तर माणूस दुसरं काय करणार?

आमचं घर मात्र पाडलेलं नाही. घडीव दगडाचं जोतं, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, पुढे ओसरी, मागे परस आणि वर माळवद. ते ठेवायचं कसं, आणि त्याच्यापायी आयुष्यातली किती वर्षं घालायची, यावरून माझे वडील आणि माझी आत्या यांच्यात वाद आहे.

वडिलांना गावात सगळे बापू म्हणतात, घरात मीही. एका कारखान्याच्या टूल रूममध्ये नोकरी करून ते निवृत्त झाले. लोखंड असो की लाकूड, वस्तू उलगडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांची थोरली बहीण आक्का. तिला दौंडला दिली; यजमान रेल्वेत होते. दौंड जंक्शनातून एक रूळ सोलापूरमार्गे दक्षिणेला जातो आणि दुसरा, १८७८ सालापासून, मनमाडमार्गे उत्तरेला. अशा गावात उभा संसार काढलेल्या बाईच्या कानात गाड्यांचे भोंगे कायमचे बसलेले असतात. यजमान गेल्यावर आक्का फिरायला लागल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत.

घरात आक्कांचा हिस्सा आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली दिला. आक्कांनी तो कधी मागितला नाही आणि सोडूनही दिला नाही. तेव्हा त्या या घराबद्दल बोलतात ते पाहुणी म्हणून नव्हे.

मार्गशीर्षात त्या राहायला आल्या तेव्हा ओसरीवर जे बोलणं झालं, ते दोघांना विचारून इथं मांडते आहे. गावाकडं घर आणि हाताशी थोडी पुंजी असलेल्या कित्येक निवृत्त माणसांच्या घरी हेच बोलणं चालू असणार.

आक्का : माघात तंजावर, मदुरै, रामेश्वर असं ठरतंय. आमच्या भिशीतल्या बायका आहेत, दोघींचे नवरेही येताहेत. तुमची दोघांचीही तिकिटं काढते.

बापू : माघात? माजघरावरची माती उतरवून झालीय, किलचण निम्मं काढलंय. वरचं उघडं टाकून मी रामेश्वरला जाऊ? दिवाळी ते अक्षय्य तृतीया, एवढाच काळ असतो या कामाला. पुढं वळवाचा भरवसा नाही.

आक्का : फिरायलाही तोच काळ असतो. आधी तुझी नोकरी होती, मग पोरीचं लग्न होतं, आता माळवद आहे.

बापू : माळवद माझ्यासाठी थांबत नाही, आक्का.

आक्का : आणि माझे गुडघे थांबतात होय?

माळवद आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे लाकडाच्या आखूड फळ्यांची दाट रांग, त्यावर पाला, पाल्यावर चिखल, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी खारी माती. पहिलं पाणी पडलं की ही माती फुगते, भेगा मिटतात आणि थेंब खाली उतरत नाही. खारी असल्यामुळं तिच्यात गवत सहसा रुजत नाही. किंचित उतार द्यायचा आणि कडेला पन्हाळी ठेवायच्या, की पाणी रस्त्यावर. वैशाखात शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवत नाही तेव्हा आमच्या माजघरात अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं.

माती उतरवताना बापूंनी भिंतीच्या कडेला तिचा एक छेद तसाच उभा राखला होता. मी वाकून पाहिलं. बोटबोटभर जाडीचे थर एकावर एक बसलेले, कुठं पिवळसर, कुठं राखाडी, मधेच एका थरात गव्हाच्या भुशाच्या काड्या चमकत होत्या. एकेका उन्हाळ्याच्या शेवटी कुणीतरी पाटीपाटीनं वर चढवलेली माती. सगळी मिळून दोन फुटांच्या वर भरली.

आक्का : यातले वरचे थर आईचे आहेत. गावच्या पांढरीतून माती खणून डोक्यावर आणायची, शिडीनं वर चढवायची. खाली सारवण, भिंतींना पोतेरं, सणाच्या आधी सगळं घर पुन्हा लिंपायचं. तू याला वाडवडिलांचं घर म्हणतोस. वाडवडिलांनी बांधलं असेल, टिकवलं आईच्या मनगटानं. आणि तिनं जन्मात पाहिलं काय? आळंदी, पंढरपूर, जेजुरी. अष्टविनायकातला एक तिच्या दाराशी, बाकीचे सात तिनं कॅलेंडरवर पाहिले.

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत.

बापू : खरं आहे. पण म्हणून घर पाडायचं?

आक्का : पाड कोण म्हणतंय? वर स्लॅब टाक, भिंतींना सिमेंट मार, कुलूप लाव आणि चल. एकदाचं संपव.

बापू : स्वयंपाकघराची उगवतीची भिंत आठवते? आपल्या अण्णांनी हेच केलं होतं. दरसालची कटकट नको म्हणून सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत जमिनीतली ओल पिते आणि दोन्ही अंगांनी वाळते. तिचं एक अंग बंद झालं. ओल आत कोंडली, वर चढत गेली, गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा धरला. बाहेरून भिंत ठणठणीत दिसायची, टिचकी मारली की पोकळ वाजायची. गिलावा काढला तेव्हा आतली माती नखानं ओरबाडता येत होती. आणि स्लॅब या भिंतींवर टेकत नाही. त्याला आत कॉलम उभे करावे लागतील. मग भिंती नुसत्या देखाव्याच्या.

आक्का : बरं, आणि मातीचं घर माणसं मारतं त्याचं काय? किल्लारी विसरलास?

हा प्रश्न आला की जुन्या घरांबद्दलची हौशी बोलणी थांबतात, आणि थांबायलाच हवीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, लातूर-उस्मानाबादकडची गावं बसली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यातली फार मोठी संख्या स्वतःच्या घराच्या दगडमातीखाली गेली. त्यानंतर महाराष्ट्रात मातीच्या घराविषयीचा विश्वास उडाला तो उडालाच.

बापू : विसरलो नाही. म्हणूनच तर आधी माती खाली उतरवली. तिथं भिंती जाड, पण गोटे चिखलात रचलेले. आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे आरपार दगड नाहीत. आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्यांची माती. एक फूट मातीचा भार चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जातो. दोन फूट म्हणजे हिशेब कर. दरसाल नवी माती टाकायची रीत सगळ्यांनी पाळली, जुनी काढायची कुणीच नाही.

आक्का : का नाही काढली?

बापू : टाकायला एक बाई पुरते. काढायला चार गडी लागतात, त्यांना मजुरी द्यावी लागते.

आक्का : बघ. म्हणजे बाईची मजुरी धरलीच नाही म्हणून छप्पर जड झालं.

बापूंनी यावर मान हलवली. माझ्या मते या सबंध वादातलं सर्वांत खरं वाक्य हे होतं. फुकटच्या कष्टांवर चालणारी देखभाल हिशेबात दिसत नाही, आणि जे हिशेबात नाही ते कमी कसं करावं याचा विचारही कुणी करत नाही. बापूंनी आता इंजिनिअरला दाखवून वर फक्त सहा इंच माती घ्यायचं ठरवलं आहे. भार भिंतींवर न येता खांबांवर यावा म्हणून दोन नवे खांब लागणार आहेत, आणि कोपरे लाकडी पट्ट्यांनी बांधायचे आहेत. आजोबांच्या वेळचं घर जसंच्या तसं ठेवण्याचा अट्टहास त्यांचा नाही. एरवी मी त्यांच्या बाजूनं बोललेच नसते.

मग गाडी इतिहासावर गेली. या भागात ती जातेच.

बापू : आपल्या मुलखात घर राखायची रीत आहे, आक्का. मलठणला पवारांचं घर, जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा, तिकडं वाफगावला होळकरांचा. आपल्या देवळाचा गाभारा थोरल्या माधवरावांनी करवला, सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांनी बांधला असं सांगतात.

आक्का : आणि हे सगळे राहत कुठं होते? धार, देवास, ग्वाल्हेर, इंदूर. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे. मुलुखगिरी केली म्हणून इथं वाडे उठले. माळवद लिंपत बसले असते तर बांधायला पैसा कुठला आणला असता?

बापू : तिकडंच राहिले म्हणून इथले वाडे ढासळलेही. वाफगावला रयतची शाळा भरायला लागली म्हणून तिथं माणसांचा वावर तरी राहिला. ज्या वाड्यांत कुणी परत आलं नाही त्यांच्या जोत्यांत पिंपळ शिरलाय. पिंपळाला एक पावसाळा पुरतो. मूळ सांध्यात गेलं की दगड उचकटतं.

एकाच इतिहासातून दोघांनी दोन टोकं ओढली, आणि तो इतिहास दोघांनाही नाही म्हणत नाही. आपल्याकडे घर आणि प्रवास यांचं वैर फार जुनं नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेला निघाले ते हौसेनं नव्हे, घरचं कर्ज फिटावं म्हणून. वाटेत बंडात सापडले, लुटले गेले, आणि परत आले. त्यांची हकीकत १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापली. वारकरीही पेरणी उरकून निघतो आणि आषाढी करून शेताला परततो. तुकोबांची पालखी आक्कांच्याच तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते. जाणारा परत येणार हे तेव्हा गृहीत होतं. आपण मात्र घराला एकतर गळ्यातलं लोढणं केलं, नाहीतर कायमचं कुलूप घातलं.

बापूंचं मन वळवलं ते इतिहासानं नाही. आक्कांनी चेट्टिनाडातल्या कराईकुडीची गोष्ट काढली तेव्हा ते पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

आक्का : मागच्या खेपेला आम्ही चेट्टिनाडला गेलो होतो. ते चेट्टियार लोक व्यापाराला ब्रह्मदेश, मलाया, सिलोनला असायचे. पैसा तिकडं मिळवला, घरं इकडं बांधली. खांब ब्रह्मदेशच्या सागाचे. आणि भिंतींचा गिलावा चुन्याचा, पण घोटून इतका गुळगुळीत केलेला की हात लावला तर काचेसारखा गार. त्यात अंड्याचं पांढरं घालतात म्हणे. घरात एक म्हातारा राखणदार. कुटुंब कुठं चेन्नईला, कुठं सिंगापूरला; लग्नकार्याला सगळे एकत्र जमतात. काही घरांची हॉटेलं झालीत. मी त्या भिंतीपाशी उभी राहून तुझाच विचार करत होते. तू असतास तर त्या म्हाताऱ्याला नीट विचारलं असतंस. मला काय विचारायचं तेच कळेना.

बापू : अंड्याचं पांढरं? आपल्याकडं गूळ आणि बेलफळाचा गर घालतात. काही जण हिरडा. किती थर होते गं?

आक्का : तेच तर म्हणते. तू बघ येऊन.

इथं मी मधे पडले. चुन्याचं काम कसं चालतं ते मला बापूंकडूनच कळलं होतं. कळीचा चुना पाण्यात विझवायचा. तो उकळतो, फुटतो, मग हौदात पाण्याखाली ठेवायचा. निदान महिनाभर; जास्त मुरला तर उत्तमच. मग वाळू घालून घाणीत मळायचा. पूर्वी घाणीला बैल असायचे, आता यंत्राची चक्की मिळते. भिंतीला एक थर द्यायचा, तो काही दिवस ओला राखायचा, मग हळूहळू वाळू द्यायचा, त्यानंतर दुसरा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगड होतो, आणि ते काम महिनोन्‌महिने आपलं आपण चालू राहतं. मातीचंही तसंच. शेण आणि भुसा घालून ती कुजत ठेवायची, अधूनमधून तुडवायची, घाई केली तर भेगा पडतात. सिमेंट माणसाला आजच्या आज उभं राहा म्हणतं. चुना-माती मधे मधे सुट्टी देतात.

मी : बापू, चुना हौदात टाकल्यावर त्या महिन्यात तुम्ही काय करता?

बापू : बघतो.

मी : पाण्याखाली आहे की नाही एवढंच ना? ते मी शनिवारी पुण्याहून येऊन बघते. पन्नासेक किलोमीटर तर आहे.

बापू : आणि अवकाळी आला तर? माघ-फाल्गुनात गारा पडतात हल्ली. ताडपत्री उडाली तर किलचण भिजेल. शिवाय सुतार. हे काम जाणणारा आता पंचक्रोशीत एकच राहिलाय. तो येईल तेव्हा मी इथं पाहिजे. नसलो तर दुसऱ्याचं काम धरील, मग पुढच्या सालाची गोष्ट.

बापूंची ही अडचण मला खरी वाटली. जुनं घर माणसाला घरी बसवत नाही. जाणत्या हातांची टंचाई बसवते. तुळईचे खाचसांधे जुळवणारा सुतार, चुन्याचा हात असलेला गवंडी, पांढरी माती ओळखणारी म्हातारी, ही माणसं आपण पिढीभर कामाविना ठेवली. आता ती सापडली की त्यांच्या तारखेला आपण बांधलेले. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तो हातानं काम करतच शिक्षण व्हावं म्हणून. आपल्याच तालुक्यात एवढा विचार झालेला असताना माळवद घालायला शिकलेला तरुण आम्हाला शोधून सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तोवर आई चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं कपबश्या ठेवल्या आणि तिथंच टेकली.

आई : मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. मला तंजावरही नको नि रामेश्वरही नको. मला माहूर बघायचंय. कोल्हापूर, तुळजापूर झालंय, वणीला लहानपणी गेले होते. माहूर राहिलंय. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. चार दिवसांत जाऊन येता येतं.

आक्का : वहिनी, हे आधी का नाही बोललीस?

आई : तुमचं दोघांचं संपलं असतं तर बोलले असते. आणखी एक. स्वयंपाकघरात मला फरशी हवी, आणि न्हाणी-संडास घराच्या आत. सासूबाई अंधारात परसाकडं जायच्या, मला ते नको. सारवण ज्याला आवडतं त्यानं करावं.

बापू : ओसरीचं मी करतो. परवा केलं ते मीच केलं.

आक्का : ते चांगलं झालंय.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, आणि त्या एका निर्णयानं आमच्याकडच्या किती बायका पहिल्यांदा आपल्या मनानं घराबाहेर पडल्या हे गावातल्या कुठल्याही थांब्यावर उभं राहिलं की कळतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. आक्कांना तो हिशेब तोंडपाठ आहे.

आईच्या बोलण्यानं वादाचा आकारच बदलला. तोवर दोघंही सगळं किंवा काहीच नाही अशा भाषेत बोलत होते: आधी सगळं घर उभं करायचं, किंवा सगळा दक्षिण दौरा आत्ताच. चार दिवसांचा माहूर, एका दिवसाचं निघोज असा विचार कुणी केला नव्हता. निघोजला कुकडीच्या पात्रात, कातळात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे आमच्या घरापासून फार लांब नाहीत. बापूंनी ते शाळेत असताना पाहिले, त्यानंतर नाही.

शेवटी वेळापत्रक आक्कांनीच मांडलं, रेल्वेच्या माणसाच्या बायकोला शोभेल असं. पौषात सुतारकाम, तेव्हा कुणी कुठं जायचं नाही. माघात चुना हौदात पडला की आई-बापू माहूरला, तेवढे दिवस ताडपत्री आणि हौद माझ्याकडे. फाल्गुन-चैत्रात माळवदावर नवी माती. मृगाचा पहिला पाऊस बापू घरात बसून बघणार, कुठं गळतंय ते खडूनं खूण करून ठेवणार. आणि दक्षिणेला श्रावणात. तमिळनाडूचा मोठा पाऊस आपल्या दिवाळीच्या पुढं-मागं पडतो, श्रावणात तिकडं उकाडा असला तरी फिरता येतं. आमच्याकडचा जोराचा पाऊस परतीचा, भाद्रपद-आश्विनातला. भाद्रपदात महागणपतीच्या द्वारयात्रेला पालखी निघायच्या आत दोघं परत.

बापू : आणि घराचे मागचे दोन खण? त्यांचं काम कधी?

आक्का : ते पडू देत.

बापू : ते पडणार नाहीत.

हे अजून मिटलेलं नाही. मागच्या दोन खणांवर पत्रा टाकून ते तसेच राखावेत असं मला वाटतं. पुढची पिढी काय ते ठरवील. बापूंच्या फंडाच्या पैशांतून किती घराला आणि किती प्रवासाला, याचाही आकडा ठरायचा आहे. आक्का निम्मे म्हणतात, बापू तिसरा हिस्सा.

माझं मत मी त्या दिवशी ओसरीवर सांगितलं आणि इथंही सांगते. माती-चुन्याचं घर कधी पूर्ण होत नाही. ते दरसाल काही ना काही मागणार. म्हणून ‘एकदा घर झालं की निघू’ असं म्हणणारा माणूस निघतच नाही. मी असे तिघे-चौघे पाहिलेत. काही जण घर पूर्ण झाल्यावर अंथरुणाला खिळले, काही जण त्याआधीच गेले. पण ‘सिमेंट मारून कुलूप लावू’ हाही मार्ग नाही, कारण असं घर मालकाच्या पाठीमागं आतून कुजतं आणि पुढच्या वेळी पाडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. घराला वर्षातले ठरलेले काही आठवडे द्यायचे, त्यांत पाण्याचं काम आधी करायचं, आणि उरलेलं वर्ष आपलं समजायचं. ते आठवडे घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचे, त्यांची मजुरी धरायची, आणि ज्यांनी आजवर फुकट राबून घर राखलं त्यांना प्रवासाला पहिली पाळी द्यायची. आई माहूरला आधी जाणार आहे ते याच न्यायानं.

तुमचंही गावाकडं असं घर असेल तर यंदा मृगाच्या आत एकदा जाऊन या. छपरावर चढून पन्हाळी मोकळ्या करा, जोत्यातली झाडं मुळासकट काढा, लोणा धरलेल्या भिंतीवर सिमेंट चढवू नका. वरची माती फार जाड असेल तर जाणकाराला दाखवून ती उतरवा. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढून त्यावर बहिणींची नावं आहेत का ते पाहा, नसतील तर लावून घ्या. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नका. एवढं झालं की तिकीट काढा. परतीचंही त्याच वेळी काढा.